गोवा फार जवळ आहे

परवा दुपारी उद्यमनगरात बुलेटचा कार्बोरेटर उघडून बसलो होतो. म्हणजे उघडून मिस्त्री बसले होते, मी शेजारच्या पालथ्या डब्यावर. हात पुसता पुसता त्यांनी विचारलं, "लांब कुठं निघालाय?"

"गोव्याला. रॅलीला," मी जरा आवाज चढवूनच सांगितलं.

त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं. "गोव्याला व्हय? मग एवढं उघडाय कशाला लावलासा? अशीच गेली असती की."

बोलले ते खोटं नव्हतं, हाच त्रास आहे. नोव्हेंबरात वागातोरला बुलेटवाल्यांची जत्रा भरते. पूर्वी तिला रायडर मेनिया म्हणायचे, २०२३ पासून मोटोव्हर्स. तिथं केरळातनं, पंजाबातनं, पार ईशान्येकडनं लोक गाड्या हाणत येतात. टाकीवर चार राज्यांची धूळ, ओठ फुटलेले, अंगावरचं जर्किन उन्हानं विटलेलं. त्यांच्या शेजारी स्टँडवर आमच्या एमएच ०९, नुकत्याच धुतल्यासारख्या. कुठून आलात म्हणून विचारतात, आम्ही कोल्हापूर सांगतो, आणि बोलणं तिथंच संपतं. दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवाल्याला पुढं विचारणार तरी काय? पंक्चर झाली का, एवढंच. तीही झालेली नसते.

म्हणून आमच्या कट्ट्यावर सगळं नियोजन उलटं चालतं. लोक रस्ता कमी कसा होईल ते बघतात, आम्ही तो वाढवायच्या मागं. सरळ जायचं तर निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी. दुपारी म्हापशात मासं. पण हा मार्ग सुचवणारा आमच्यात गद्दार ठरतो. मग एकजण म्हणतो फोंडा घाट. राधानगरीवरून, दाजीपूरच्या जंगलातनं, भल्या पहाटे. लगेच दुसरा गव्यांचा विषय काढतो, आणि धुक्यात गवा आडवा आला तर हॉर्न द्यायचा का बंद गाडीवर गप बसायचं, यावर तासभर जातो. (माझं मत गप बसायचं. बुलेट गप बसत नाही, हा भाग वेगळा.) कुणाला बेळगाव, जांबोटी, चोर्ला हवा असतो, कारण त्यात कर्नाटक नुसतं निपाणीपुरतं राहत नाही. चंदगडकडचा पाहुणा तिलारीचं नाव काढतो, पण ती उभी वळणं आठवून मागं बायको बसवणारे सगळे एकदम मान हलवतात. मला विचाराल तर गगनबावडा. करूळनं खाली वैभववाडीला उतरायचं, मग समुद्र धरायचा; मालवण, वेंगुर्ला, रेडी, आणि तेरेखोलला फेरीबोटीत गाड्या चढवून पलीकडं केरीला उतरायचं. यात दिवस मोडतो, कंबर मोडते, म्हणजे लांबून आल्यासारखं दिसतं.

हे सगळं मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीनं काढतो. पोरं हसतात, मोबाईल पुढं करतात. मोबाईलची गंमत अशी की तो लगेच आंबोली दाखवतो आणि वर किती वेळ वाचला तेही सांगतो. कुणी मागितला होता वेळ?

ही खोड काकांची असावी. त्यांची बुलेट जुनी, लोखंडी इंजिनाची. गियर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. मंगळवार पेठेतल्या बोळात ती चालू करणं हा घरादाराचा कार्यक्रम असायचा. मला टाकीवर बसवायचे, कारण हेडलाईटच्या वरच्या अँपिअर मीटरवर नजर ठेवायचं काम माझं. चावी फिरवली की काटा मायनसकडं झुके. काका किक अगदी दमानं दाबत न्यायचे, आणि ठिणगी पाडणारे पॉईंट उघडायच्या जागेला काटा पुन्हा मध्यावर यायचा. "मधी!" मी ओरडायचो. मग इंजिनातला दाब सोडणाऱ्या डीकॉम्प्रेसरचा लिव्हर दाबून किक आणखी थोडी सरकवायची, लिव्हर सोडायचा, आणि सगळं वजन टाकून एकच लाथ. माझं "मधी" जरा लवकर निघालं तर किक उलटी यायची. काका पोटरी धरून जे बोलायचे त्यावर काकू दारातनं म्हणायची, "अवो, पोरगं बसलंय पुढं."

आणि हे सगळं कशासाठी, तर जोतिबाला जायला. त्यासाठी आदल्या रात्री हवा बघायची, ऑईल बघायचं, क्लच वायर, प्लग आणि कंडेन्सर फडक्यात गुंडाळून ठेवायचं. डोंगर समोर दिसतोय, तरी निघताना काकू गाडीवर नारळ ओवाळायची आणि शेजारचे विचारायचे, पोचल्यावर कळवणार कसं. वाटेत केर्लीला थांबून काका इंजिनला हात लावून बघायचे. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मलाही येत नाही, मीही लावतो.

तर मिस्त्रींनी कार्बोरेटर साफ करून दिला, जेटमधला कचरा नखावर घेऊन दाखवला, आणि पैसे घेताना म्हणाले, "बाकी हिमालयात जाणार असलासा तर सांगा, इंजिन खाली उतरवूया." मी बघतो म्हटलं.

कट्ट्यावर अजून गगनबावडा विरुद्ध चोर्ला चालू आहे. फुलेवाडीला जमायचं का कागलला, हे त्यावर ठरणार. आणि निघायच्या आधी मिसळ खायची का घाट उतरल्यावर, यावर दोन तट आहेत. कटावर जोर देणाऱ्याला घाटात मागं ठेवावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

परत यायचा रस्ता मात्र कुणीच काढलेला नाही. त्याला कागद लागत नाही. सोमवारी सगळ्यांना कामावर जायचं असतं, आणि आंबोली जवळ पडते.