डायरीचा तक्ता: १९४३ चा रकाना रिकामाच

तक्ता अडला, आणि भीती होती तिथेच. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून ॲम्स्टरडॅममध्ये लपलेल्या ज्यू मुलीच्या, ॲन फ्रँकच्या, डायरीचे अ, ब, क पाठ (तिच्या मूळ वह्या, तिचंच पुनर्लेखन, वडिलांनी छापलेलं पुस्तक) शेजारी शेजारी लावताना अ च्या, म्हणजे मूळ वह्यांच्या, रकान्यात ५ डिसेंबर १९४२ नंतर एकदम २२ डिसेंबर १९४३ येतो. मधल्या वह्या सापडलेल्याच नाहीत. त्या काळातलं आपण वाचतो ते ब मधलं: युद्धकाळातल्या डायऱ्या, पत्रं जपून ठेवा, असं डच मंत्र्याने रेडिओवरून सांगितल्यावर तिने २० मे १९४४ पासून सुट्या कागदांवर नव्याने लिहिलेलं. नोंद जानेवारी १९४३ ची, लिहिणारी सव्वा वर्षाने मोठी!

शिवाय पुनर्लेखनात तिने नोंदी जोडल्या, तारखा हलवल्या. त्यामुळे तारखेवरून ओळी जुळवल्या की १९४२ सुद्धा विस्कटतं. उपाय: एका प्रसंगाला एक ओळ, आणि प्रत्येक पाठाची तारीख वेगळ्या रकान्यात. १९४२ आता बसलं, हे काही थोडं नाही. ब २९ मार्च १९४४ ला संपतो. पुढे १ ऑगस्टपर्यंत फक्त अ.

हातातली प्रत कुठली, हे मुखपृष्ठावरून ओळखू नका. पहिली नोंद १४ जून १९४२ आणि लपलेल्यांचे मदतनीस क्रालर, कूपहाउस या नावांनी असतील, तर ती वडिलांनी १९४७ मध्ये छापलेल्या क वरून आलेली. १२ जूनपासून सुरू होऊन तेच दोघे कुगलर, क्लाइमन या खऱ्या नावांनी भेटले, तर १९९१ ची विस्तारित. ऑनलाइन विक्रेते हे कधी धड लिहीत नाहीत. पहिल्या नोंदीचा फोटो मागवा. तिन्ही पाठ एकाखाली एक छापलेली चिकित्सक आवृत्ती मात्र कागदावरच घ्यावी, फोनवर तिचा चुथडा होतो.

ब मधल्या ९ ऑक्टोबर १९४२ च्या नोंदीत वेस्टरबोर्क, म्हणजे ज्यूंना पूर्वेकडे पाठवण्याआधी ठेवायची नेदरलँड्समधली छावणी, आहे, इंग्लिश रेडिओने सांगितलेला विषारी वायूही आहे. लपलेल्यांना तेव्हा काय माहीत होतं, याचा पुरावा म्हणून ती सर्रास दिली जाते. आधी अ मध्ये त्या दिवसाखाली काय आहे ते बघा.

पुढे ज्यूंच्या संहाराचा इतिहास लिहिणाऱ्या हिलबर्गचे तीन खंड घ्यायचे होते. ते थांबू देत. १९४३ चा रकाना ॲनच्या वह्यांनी भरणार नाही, पण एटी हिलेसुम या तरुण डच ज्यू लेखिकेची वेस्टरबोर्कची पत्रं बहुतेक त्याच वर्षी, छावणीतच लिहिलेली आहेत. शेवटचं कार्ड ७ सप्टेंबर १९४३ ला आउश्वित्झकडे निघालेल्या गाडीतून टाकलेलं. चौथा रकाना तिचा.