पोचपावतीवर टिकलेली जागा

अभियांत्रिकी प्रवेशाच्या काळात नाशिकमधल्या आमच्या सुविधा केंद्रावर कागदपत्रे तपासण्याचे काम माझ्याकडे असते. गेल्या पावसाळ्यात पडताळणीच्या शेवटच्या दिवशी, दुपार कलल्यावर, सुरगाणा तालुक्यातली एक मुलगी वडिलांसोबत आली. आश्रमशाळेतून बारावी विज्ञान झालेली, सीईटीचे गुण चांगले. वडील दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमध्ये मजुरीला जाणारे. तिच्या पिशवीत गुणपत्रिका, उत्पन्नाचा आणि जमातीचा दाखला असे सगळे नीट लावलेले होते. जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे तो जमातीचा दाखला खरा असल्याचे पडताळणी समितीने तपासून दिलेले प्रमाणपत्र, मात्र नव्हते आणि त्यासाठी अर्ज केल्याची पोचपावतीही नव्हती.

"सर, दाखला तर आहे ना? मग हे वेगळं काय असतं?" तिने विचारले.

अकरावी-बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचा अर्ज महाविद्यालयामार्फतच पडताळणी समितीकडे पाठवण्याची सोय आहे आणि शहरातल्या महाविद्यालयांत त्यासाठी वर्गावर्गांत सूचना फिरते. हिच्या शाळेत भौतिकशास्त्राला वर्षभर शिक्षकच नव्हता. तिथे वैधतेचे सांगणार कोण? अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा राखीव आहेत, पण हा एक कागद किंवा निदान त्याची पोचपावती नसली की विद्यार्थी खुल्या प्रवर्गात ढकलला जातो, आणि गुणवत्ता असूनही असे होते याची मला मनापासून चीड येते.

पोचपावतीसाठी अर्ज तिथेच भरायला घेतला. तिचे आजोबा शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे जमातीचा पुरावा म्हणून १९५० पूर्वीचा शाळेचा उतारा मिळणे अवघड होते. वंशावळ लिहून घेताना मी वडिलांना विचारले, "काका, भावकीत कुणाला व्हॅलिडिटी मिळाली आहे का?" थोरल्या भावाच्या मुलाला नोकरीसाठी मिळाली होती. वडिलांकडील रक्तनात्यातले वैधता प्रमाणपत्र हा भक्कम पुरावा धरला जातो. गावात रेंज नव्हती; पुतण्या टेकडीवर चढला, तेव्हा कुठे प्रमाणपत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. शपथपत्र करून ऑनलाइन अर्ज भरला आणि केंद्र बंद होण्यापूर्वी पोचपावती तिच्या फाइलला लागली.

जागा मिळाली, वैधताही मुदतीत आली. मधल्या काळात महाविद्यालयाने पूर्ण शुल्क आधी भरायला सांगितले होते. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून ते आगाऊ घेता येत नाही, हे लेखी दाखवल्यावर मागणी थांबली. वसतिगृहात नंबर न लागल्याने तिने आता स्वयम् योजनेसाठी, म्हणजे वसतिगृह न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी, अर्ज केला आहे. यंदा तिच्याच आश्रमशाळेत जाऊन अकरावीच्या मुलांचे अर्ज भरून घेण्याची परवानगी मी मागितली आहे, आणि भौतिकशास्त्राचे रिकामे पद भरावे, हेही त्याच पत्रात लिहिले आहे.