काउंटरवरून खात्यापर्यंत: आमची वाटचाल

कराडच्या कोल्हापूर नाक्यावर आबांनी १९८६ साली एका छोट्या गाळ्यात ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान टाकलं. क्लच प्लेट, ऑइल सील, बेअरिंग, फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, एवढाच माल. कृष्णा आणि सह्याद्री कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की रात्री अकरालाही कोणीतरी तुटलेला पार्ट हातात घेऊन शटर वाजवायचं आणि आबा उठून शटर वर करायचे. उसाची ट्रॉली वाटेत उभी राहिली की त्या माणसाची खेप बुडते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पैसे बहुतेक वेळा मागाहून यायचे. आबांच्या वहीत नाव, गाव, पार्ट नंबर आणि ट्रॅक्टरचा नंबर लिहिलेला असायचा. गडबड कितीही असो, ट्रॅक्टरचा नंबर त्यांनी कधी सोडला नाही. त्या नंबरानं आम्हाला पुढे एकदा वाचवलं, ते सांगेनच.

मी २००८ पासून दुकानात बसतो. आज आमची सात माणसं आहेत, दोन काउंटर आहेत, सातारा-सांगली जिल्ह्यांतल्या गॅरेजना आम्ही माल पुरवतो. एजन्सी कशी मिळाली, गोडाऊन कधी घेतलं, हे बाकीच्या व्यापारी मित्रांच्या वाटचालीसारखंच आहे. मला लिहायचंय ते गिऱ्हाइकाच्या हातातून निघालेला पैसा आमच्या खात्यात पोचेपर्यंत काय काय होतं त्याबद्दल. तिथं आम्ही बरंच गमावलं आणि बरंच शिकलो.

स्वाइप मशीन आमच्याकडे आलं ते नोटाबंदीनंतर, डिसेंबर २०१६ मध्ये. बँकेच्या माणसानं फॉर्म पुढे केला, आम्ही सह्या केल्या. तेव्हा कोणालाच वेळ नव्हता. पुढची दोन वर्षं त्या मशीनचं स्टेटमेंट आम्ही उघडूनही बघितलं नाही. रोज रात्री मशीनमधून बॅच सेटल करायची, म्हणजे दिवसभराचे कार्डाचे व्यवहार एकदम बँकेकडे पाठवायचे, सकाळी खात्यात रक्कम आलेली दिसायची, झालं.

२०१८ च्या अखेरीस एका गॅरेजवाल्यानं इंजिन कामाचं सगळं सामान एकदम नेलं, पिस्टन-लायनर किट, बेअरिंग सेट, गॅस्केट, ऑइल पंप. बिल झालं ४८,००० रुपये. त्यानं क्रेडिट कार्ड दिलं. दुसऱ्या दिवशी खात्यात आले ४६,९८० रुपये आणि काही पैसे. माझी पत्नी बी.कॉम. आहे, हिशेब तीच बघते. तिनं विचारलं, "हे हजार रुपये कुठं गेले?" मी म्हणालो, बँकेचं कमिशन असेल. ती गप्प बसली नाही. तिनं कागद मागवले. आमचा क्रेडिट कार्डाचा दर होता १.८ टक्के, म्हणजे ८६४ रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, १५५ रुपये ५२ पैसे. त्या मालावर आमची कमाई आठ टक्के, ३,८४० रुपये. तिच्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग एका बोटाच्या दाबानं गेला होता.

त्या आठवड्यात तिनं दोन वर्षांची स्टेटमेंटं लाल पेनानं तपासली. पहिली गोष्ट निघाली ती अशी की बँकेच्या रेकॉर्डवर आमचा जीएसटी नंबर चढवलेलाच नव्हता. कमिशनवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे आमच्या भरायच्या जीएसटीतून तेवढी वजावट, आम्हाला मिळू शकलं असतं, पण नंबरच नाही तर ते आमच्या नावावर दिसणार कुठून? दुसरी गोष्ट, बंद पडलेलं जुनं मशीन ड्रॉवरमध्ये धूळ खात होतं आणि त्याचं भाडं दर महिन्याला कापलं जात होतं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कार्ड म्हणजे एकच प्रकार नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डाच्या कमिशनला मर्यादा घातली होती. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर असलेल्या दुकानाला मशीनवर जास्तीत जास्त ०.९० टक्के आणि एका व्यवहाराला एक हजार रुपयांपेक्षा जास्त नाही. वीस लाखांपर्यंतच्या दुकानाला ०.४० टक्के आणि दोनशे रुपयांची मर्यादा. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. तिथला दर बोलून ठरतो आणि आम्ही कधी बोललोच नव्हतो. त्यात कंपन्यांच्या नावावरची कार्डं आणखी महाग पडत होती.

पत्नी ते कागद घेऊन बँकेत गेली. दर खाली आला, जुन्या मशीनचं भाडं बंद झालं, जीएसटी नंबर चढला. मागितल्याशिवाय यातलं काही झालं नसतं.

माझीही एक चूक इथं कबूल करतो. त्या काळात आम्ही कार्ड देणाऱ्या प्रत्येकाकडून सरसकट दोन टक्के जादा घेत होतो. नाक्यावर सगळेच घेत होते. डेबिट कार्डाचं कमिशन गिऱ्हाइकावर टाकता येत नाही हे वाचल्यावर मला लाज वाटली. आम्ही ते बंद केलं. त्याऐवजी गॅरेजवाल्यांना सांगितलं, बिल झाल्यापासून सात दिवसांत बँकेतून थेट आमच्या खात्यात टाका, एक टक्का कमी द्या. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास सुरू झालं आणि हे सोपं झालं. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवरचं कमिशन शून्यावर आलं, तेव्हा काउंटरवर क्यूआर लावला. निम्म्याहून जास्त नेहमीची गॅरेजं वर्षभरात कार्डावरून खात्यावर आली.

तरीही क्रेडिट कार्ड बंद करावं असं मला कधीच वाटलं नाही. ऐन हंगामात हायड्रॉलिक पंप गेलेल्या माणसाकडे पंधरा-वीस हजार रोख नसतात. तो कार्ड देतो, ट्रॅक्टर त्याच रात्री चालू होतो, त्याला महिनाभराची सवड मिळते आणि आमचे पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात असतात. सहा-सहा महिने उधारीसाठी गावोगाव फिरण्यापेक्षा दीड-पावणेदोन टक्के मला परवडतात.

क्यूआरचाही एक बारकावा आहे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतं, आपल्याला वाटतं फुकटचं पेमेंट, पण ते क्रेडिट कार्डावरचं असेल तर मोठ्या रकमेवर कमिशन कापलं जातं. आमच्या खात्यात हे दिसलं ते रोजच्या टॅलीमुळे, म्हणजे बिलं आणि जमा रक्कम जुळवून बघण्यामुळे. ज्यांनी क्यूआर लावलाय त्यांनी सेटलमेंटचा रिपोर्ट एकदा तरी ओळीनं वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता फसवणुकीचं.

२०२१ मध्ये लॉकडाऊन उठत असताना आम्ही फोनवरच्या ऑर्डरसाठी पेमेंट लिंक सुरू केली. एके दिवशी परराज्यातून फोन आला. टर्बोचार्जर आणि इंजेक्टरचे सेट हवेत, आजच पाठवा, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधून आमचा माणूस उचलेल. लिंक पाठवली. दोन वेळा पेमेंट फेल झालं, तिसऱ्या वेळी दुसऱ्याच कार्डानं ६१,४०० रुपये आले. भावानं माल बांधला, ट्रान्सपोर्टला टाकला. लॉकडाऊननंतरची पहिली मोठी ऑर्डर म्हणून आम्ही पेढे वाटले होते.

साधारण पाच आठवड्यांनी बँकेकडून मेल आला. कार्डाच्या मालकानं सांगितलं होतं की हा व्यवहार माझा नाही. कार्ड परदेशातल्या बँकेचं होतं. आपल्याकडच्या कार्डाला ऑनलाइन व्यवहारात ओटीपी लागतो, बाहेरच्या कार्डाला तो लागेलच असं नाही. आणि लिंकचा फॉर्म भरताना आम्ही सगळ्या चौकटींवर टिक केली होती, परदेशी कार्डांच्या चौकटीवरसुद्धा. आमच्याकडे मागितलं काय? बिल, माल पोचल्याचा सहीशिक्क्याचा पुरावा, गिऱ्हाइकाशी झालेला पत्रव्यवहार. मुदत मोजक्या दिवसांची. बिल होतं. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, नाव होतं, पण गोडाऊनमधून माल कोणी उचलला याचा कागद आमच्याकडे नव्हता. ६१,४०० रुपये आमच्या पुढच्या सेटलमेंटमधून वळते झाले. मालही गेला, पैसेही गेले.

आबा त्या रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "त्यानं भाव केला होता का?" मी आठवून बघितलं. केला नव्हता. कुठल्या कंपनीचा टर्बो, वॉरंटी किती, ट्रॅक्टरचं मॉडेल कोणतं, यातलं एक अक्षर त्यानं विचारलं नव्हतं. माझ्या तेरा वर्षांच्या काउंटरवरच्या अनुभवात एकाही मिस्त्रीनं भाव न करता पार्ट नेलेला नाही. ट्रॅक्टरचा नंबर विचारला असता तर तो माणूस तिथंच अडकला असता.

दुसऱ्या दिवशी परदेशी कार्डं बंद केली. अनोळखी माणसाची फोनवरची ऑर्डर असेल तर पैसे बँकेतून, त्याच्या फर्मच्या नावाच्या खात्यावरूनच घ्यायचे, आणि त्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून नाव जुळतं का ते बघायचं. ट्रान्सपोर्टवाल्याला लेखी सांगितलं की ओळखपत्र बघून, सही आणि मोबाइल नंबर घेऊनच माल सोडायचा आणि ती प्रत आम्हाला पाठवायची. पैसे परत द्यायची वेळ आली तर ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर जातील, रोख नाही, दुसऱ्या खात्यावर नाही. जास्त रक्कम भरून "वरचे पाच हजार माझ्या भावाला टाका" म्हणणारे दोघे आम्हाला नंतर भेटले. नियम होता म्हणून निभावलं.

काउंटरवरच्या फसवणुकीची तऱ्हा वेगळी. हंगामात रात्री आठच्या सुमाराला दुकानासमोर चार-पाच ट्रॅक्टर उभे असतात, प्रत्येकावर गाणी मोठ्यानं चालू. अशा गर्दीत एकानं हिरवी टिक असलेली स्क्रीन दाखवली आणि ३,२०० रुपयांचा क्लचचा माल घेऊन गेला. ते पैसे आलेच नाहीत. असे खोटे स्क्रीन दाखवणारे ॲप असतात. आम्ही पैसे जमा झाले की बोलून सांगणारा साउंडबॉक्स घेतला, पण गाण्यांच्या आवाजात तो ऐकूच येईना. शेवटी तो उचलून काउंटरच्या आत, बिल करणाऱ्या मुलाच्या कानाजवळ ठेवला. स्क्रीन कोणाचीही बघायची नाही, बॉक्स बोलला की मालाला हात लावायचा. ओळखीच्या माणसालाही हेच. सुरुवातीला काहीजण रागावले, पुढं सवय झाली.

टॅप करून चालणाऱ्या कार्डाचंही तसंच. १ जानेवारी २०२१ पासून पाच हजारांपर्यंत पिन न घालता व्यवहार होतो. सोयीचं आहे, पण हरवलेलं कार्ड हातात पडलेल्या माणसालाही तेवढंच सोयीचं. म्हणून एकच माणूस बिल तोडून दुसऱ्यांदा टॅप करायला लागला तर आम्ही कार्ड मशीनमध्ये घालायला आणि पिन टाकायला सांगतो. ज्याचं कार्ड असतं त्याची हरकत नसते.

आणि एक गोष्ट मी स्पष्ट लिहितो, कारण ती नाक्यानाक्यावर चालते. "माझं कार्ड घास, दोन टक्के तू ठेव आणि रोख दे." मालाशिवाय कार्ड घासणं बँकेबरोबरच्या कराराविरुद्ध आहे, आणि ते कार्ड चोरीचं निघालं तर बिल कशाचं दाखवणार? माझ्या सख्ख्या मावसभावाला मी नाही म्हणालो. दिवाळीला तो घरी आला नाही. वाईट वाटलं, पण माझा निर्णय बदलला नाही.

मागच्याच्या मागच्या वर्षी एका सकाळी खात्यातले ९,००० रुपये अडकवलेले दिसले. कोणीतरी कुठल्यातरी माणसाला फसवून पैसे काढले होते आणि त्यातून आमच्याकडे बॅटरी घेतली होती. फसलेल्या माणसानं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला तिथं तिथं ती रक्कम रोखली जाते, आणि ते योग्यच आहे. पण आपण खरा माल विकलाय हे आपल्यालाच दाखवावं लागतं. आमच्या बिलावर बॅटरीचा अनुक्रमांक होता, घेणाऱ्याचा मोबाइल होता, आणि ट्रॅक्टरचा नंबर होता. कॉम्प्युटरवर बिल करायला लागलो तेव्हा आबांनी हट्टानं तो रकाना ठेवायला लावला होता. मी तेव्हा वैतागलो होतो. ती माहिती आम्ही लेखी दिली. काही आठवड्यांनी आमची रक्कम मोकळी झाली, आणि पोलिसांनाही त्या ट्रॅक्टरवरून पुढचा धागा मिळाला.

आता रोज रात्री नऊला शटर अर्धं ओढलं की टॅली होते. मशीनची बॅच, क्यूआरचा रिपोर्ट, बँकेचं स्टेटमेंट आणि बिलं, चारही शेजारी ठेवून. पत्नी आकडे वाचते, भाऊ टिक करतो. वीस मिनिटं लागतात. जी रक्कम जुळत नाही तिच्यावर पिवळा कागद लागतो आणि तो काढल्याशिवाय दुसऱ्या दिवशीची टॅली सुरू होत नाही.

या पावसाळ्यात परत एकदा बँकेकडून तसाच मेल आला. नागठाण्याकडच्या एका गिऱ्हाइकाला स्टेटमेंटवरचं आमच्या फर्मचं नाव ओळखता आलं नव्हतं आणि त्यानं १४,६०० रुपयांवर हरकत घेतली होती. पत्नीनं दुपारच्या आत चार्ज स्लिप (मशीनमधून निघणारी कार्डाची पावती), बिल आणि बिल्टीची सही केलेली प्रत पाठवून दिली. बारा दिवसांनी उत्तर आलं, हरकत मागे घेतली गेली. आबांना आता डोळ्यांना कमी दिसतं. त्यांनी तो कागद दोनदा वाचून घेतला, बिलावर ट्रॅक्टरचा नंबर आहे का ते विचारलं, आणि घडी करून आपल्या जुन्या वहीत ठेवला.