कांडप, पल्व्हरायझर आणि हॉटेलवाल्याची ऑर्डर

मार्च लागला की कोल्हापुरातल्या कुठल्याही कांडप केंद्रात, म्हणजे यंत्राच्या मुसळांनी मिरची-मसाला कुटून देतात तिथे, पाय ठेवायला जागा नसते. आमचंही तसंच. वर्षाची कांदा-लसूण चटणी अजून घरोघरी होते. मिरची निवडायची, देठं काढून कडकडीत वाळवायची, धणे-तीळ-खोबरं भाजायचं, कांदा तळायचा, ही कामं बायका घरीच उरकतात. कुटायचं तेवढं आमच्याकडे, किलोवर मजुरी घेऊन.

यात माझा पैसा अडकत नाही, कारण माल त्यांचा आणि चवही त्यांचीच. वेळ मात्र भरमसाट जातो. तीन किलो कुटून झालं की उखळ झाडायचं, मुसळं पुसायची, मग पुढचीचा माल घालायचा. ब्याडगी मिरची रंगाला, लवंगी मिरची जाळाला. नातवंडांसाठी केलेल्या ब्याडगीच्या चटणीत आदल्या लवंगीचा चुरा राहिला, तर संध्याकाळी काकी डबा घेऊन दारात! म्हणून सकाळी सौम्य मिरची, दुपारनंतर तिखट, असा नंबर लावते. रांगेतल्या बायका कुरकुरतात, पण दिवसातून कितीतरी वेळा झाडणं वाचतं.

पावसाळ्यात रांग नसते. तेव्हा आमच्या स्वतःच्या चटणीचे घाणे निघतात. एका मापाचा, एका चवीचा चाळीस किलोचा घाणा. सफाई एकदाच, बाईमाणसाची मजुरीही कमी लागते. हिशोब फायद्याचा दिसतो खरा, पण त्यासाठी मिरची नव्या हंगामातच घेऊन कोल्ड स्टोरेजला टाकावी लागते. पैसे आज गेले, परत येणार दिवाळीला. शिवाय दुकानदाराचं ठरलेलं वाक्य: "वैनी, मागची जास्त झणझणीत होती." मिरचीचं पोतं बदललं की तिखटपणा बदलतोच. आता ब्याडगी आणि संकेश्वरीची पोती आधीच एकत्र करते, आणि प्रत्येक घाण्यातली मूठभर चटणी बरणीत ठेवते, पुढच्या घाण्याचा रंग ताडून बघायला.

भाचा म्हणतो, "आत्या, कांडप काढून टाक, सगळं पल्व्हरायझरवर घे." पल्व्हरायझर आहे की माझ्याकडे. धणे आणि सुकी मिरची त्यात बघता बघता पूड होऊन जाळीतून पडते. पण आतले हातोडे इतक्या वेगाने फिरतात की पूड गरम निघते, आणि वास तिथेच उडायला लागतो. मोठे कारखाने दळताना यंत्र थंड ठेवतात. काही ठिकाणी त्यासाठी उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन वापरतात. तो खर्च एकच माल रात्रंदिवस दळणाऱ्याला परवडतो. आणि ओला लसूण, तळलेला कांदा, तेलकट खोबरं घातलं की माझ्या यंत्राची जाळी तुंबलीच म्हणून समजा. मुसळाखाली मात्र तेच तेल मिरचीत मुरतं. म्हणून कोरडं पल्व्हरायझरवर, ओलं कांडपात, अशी मी वाटणी केली आहे. भाच्याला ती अर्धवट वाटते. वीजबिल आणि गिऱ्हाईक दोन्ही बघितलं तर मला पटते.

कारखान्याच्या मालाला मी नावं ठेवत नाही. खानावळीला बारा महिने एकच चव लागते, ती त्यांनाच जमते. तरी परवा एक हॉटेलवाला माझ्याकडे आला. दर महिन्याला शंभर किलो, चव तीच, भाव ठरलेला. मी हो म्हटलं, पण एप्रिल-मेचा माल फेब्रुवारीतच उचलायचा, आगाऊ पैसे देऊन. त्या दोन महिन्यांत मुसळं रांगेतल्या बायकांची. "कळवतो" म्हणून गेलाय.