ठाणे वाचवा: सुपरहिरो वाढदिवसाच्या खेळांची तयारी कुठवर आली

भाची सात वर्षांची होतेय. रविवारी संध्याकाळी, घोडबंदर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत. पोरं सोळा, वयं चार ते नऊ. खेळांचं खातं माझ्याकडे आहे. घरच्या घरी पार्टीचे खेळ बनवण्याची आवड असलेल्या सगळ्यांसाठी आतापर्यंतचं काम लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी एक ठरवलं: कुणी ‘आऊट’ होईल असा एकही खेळ घ्यायचा नाही. संगीत खुर्चीत पहिल्या फेरीलाच बाहेर पडणारं पोर बहुतेक वेळा सगळ्यात लहान असतं आणि मग ते आईची ओढणी धरून बसून राहतं. सुपरहिरोचं काम वाचवण्याचं. तर मग खेळही एकमेकांना वाचवण्याचेच हवेत. हा निकष लावल्यावर यादीतले निम्मे खेळ आपोआप गळाले आणि उरलेल्यांत जीव आला.

गोष्ट अशी: खलनायकांनी ठाण्याची बत्ती गुल केली आहे आणि वीज सुरू करायची किल्ली चार आकडी कुलपाच्या पेटीत ठेवली आहे. चार खेळ, चार आकडे. पुठ्ठ्याचं ठाणे तयार झालंय. तलावपाळी, गडकरी रंगायतन, उपवन आणि मागे येऊरचा डोंगर. खिडक्यांना दिवाळीच्या कंदिलातून उरलेला जिलेटीन कागद लावला आणि प्रत्येक भागाच्या मागे सेलवर चालणारी दिव्यांची छोटी माळ. एक खेळ पार पडला की एक भाग उजळणार. सगळी पोरं एकाच बाजूने, त्यामुळे हरणारी टीमच नाही.

कुलपाचा आकडा 1853. बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी आगगाडी त्या साली, 16 एप्रिलला, ठाण्याला आली. ठाण्याच्या पोरांना वाचवायला ठाण्याचाच आकडा हवा, या बाबतीत मी हट्टी आहे.

पहिला खेळ विषामृत. यात माझं मन सगळ्यात जास्त गुंतलंय. आपल्याकडे सुपरहिरोचा खेळ आधीपासून होताच, फक्त त्याला केप नव्हती! ज्याच्यावर राज्य तो हात लावून ‘विष’ म्हणतो, पोर जागच्या जागी थिजतं, मित्र येऊन ‘अमृत’ म्हणतो आणि ते पुन्हा पळायला लागतं. यात फक्त दोन बदल केलेत. राज्य एकावर न ठेवता दोन खलनायकांवर, कारण सोळा पोरांत एकटा दमतो आणि खेळ रेंगाळतो. दुसरा बदल म्हणजे तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या, दर फेरीला चकून नवे खलनायक. मोठ्यांपैकी एकजण किती सुटका झाल्या तेवढं मोजणार. ठरलेला आकडा सगळ्यांनी मिळून गाठला की कुलपाचा 1 हाती.

यात कच्च्या लिंबांचं काय करायचं हा नेहमीचा प्रश्न. चार वर्षांची तीन पोरं आहेत. एरवी आपण त्यांना नुसतं सोबत पळू देतो आणि त्यांनाही ते पक्कं कळतं. इथे मी उलट केलंय. कच्च्या लिंबाला सगळ्यात मोठी शक्ती. त्याच्यावर विष चालत नाही आणि त्याने एकदा टाळी वाजवली की जवळची सगळी थिजलेली पोरं सुटतात. सोसायटीतल्या पोरांना घेऊन हे खेळून पाहिलं. नऊ वर्षांचा एक दांडगा मुलगा थिजल्या जागेवरून चार वर्षांच्या पोरीला “ए, इकडे ये ना, मला सोडव!” म्हणून हाका मारत होता. ती मान वर करून, अजिबात घाई न करता त्याच्याकडे गेली. हा नियम आता कायमचा.

भाचीला दाखवलं तर तिचा पहिला प्रश्न, “मावशी, मी व्हिलन झाले तर चालेल का?” चालेल की. जांभळ्या केप खलनायकांच्या, त्या फेरीगणिक फिरणार. खलनायक होण्यात मजा आहे आणि ती सगळ्यांच्या वाट्याला यावी.

दुसरा खेळ जाळ्याचा. क्लबहाऊसच्या पॅसेजमध्ये आडवीतिडवी लोकर आणि तिला घुंगरू. कोळ्याला जाळ्यात काय अडकलंय हे धाग्यांच्या थरथरीवरून कळतं, म्हणून लेझरच्या लाल रेषांपेक्षा घुंगरू मला जास्त योग्य वाटले. घुंगरू वाजला की सगळ्यांनी पुतळा व्हायचं, पाच आकडे मोजायचे, मग पुढे. पलीकडे पोचल्यावर 8. लोकर कुठेही बांधलेली नाही, मास्किंग टेपने चिकटवली आहे. पोर अडकलं तर टेप सुटली पाहिजे, धागा ताणला जाता कामा नये. शिवाय इथे पळायचं नाही, हा एकच कडक नियम.

बर्फाच्या खेळाची तयारी फ्रीझरमध्ये चालू आहे. चार डबे, प्रत्येकात एक छोटा प्लास्टिकचा हिरो आणि 5 या आकड्याचा एक तुकडा. चारही तुकडे बाहेर आल्याशिवाय आकडा जुळत नाही, म्हणजे आधी सुटलेला गट दुसऱ्याच्या मदतीला जाणार. बनवताना आधी अर्धा डबा गोठवायचा, मग त्यावर हिरो आणि तुकडा ठेवून वरून पाणी ओतायचं. एकदम सगळं पाणी भरलं तर हलकं प्लास्टिक वर तरंगतं आणि पोरं नखानेच काढून घेतात. डबा काठोकाठ भरायचा नाही, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. हत्यारं म्हणजे कोमट पाणी, चमचे, बिनसुईच्या सिरिंज आणि मीठ. मिठाने बर्फ शून्याच्या खालच्या तापमानालाही वितळतो. त्यामुळेच मीठ लावलेला बर्फ साध्या बर्फापेक्षा जास्त गार होतो आणि हाताला चटका बसू शकतो. म्हणून मीठ चमच्यानेच टाकायचं आणि डबे परातीत ठेवायचे. माझ्याकडच्या डब्यांना या सगळ्याला साधारण वीस मिनिटं लागतात. धावपळीनंतर पोरं खाली बसावीत म्हणून हा खेळ मुद्दाम तिसरा.

चौथा ढालीचा, आणि याचा पाया लगोरी. वाण्याकडून आणलेली रिकामी खोकी रचून भिंत केली आहे. ती पेपर प्लेटच्या ढालींनी पाडायची. एक प्लेट हवेत भिरभिरते. दोन प्लेट तोंडाला तोंड लावून कडेने चिकटवल्या आणि कडेवर टेपचा जाड वेढा दिला की वजन कडेला येतं, फिरकी टिकते आणि ढाल सरळ जाते. पाडून झाल्यावर खरा खेळ सुरू होतो. खोक्यांच्या मागच्या बाजूंवर मिळून एक मोठा 3 रंगवलाय. भिंत नीट परत रचली तरच तो दिसतो. मोडलेलं शहर पुन्हा उभं करणंही हिरोचंच काम. खोकी हिरवी रंगवलीत, त्यातलं एक मुद्दाम राखाडी. 1962 साली हल्क पहिल्यांदा आला तेव्हा तो राखाडी होता, छपाईत तो रंग नीट उतरेना म्हणून पुढच्याच अंकापासून हिरवा झाला. एखाद्या बाबांनी ते खोकं ओळखलं तर मला मनापासून आनंद होईल.

आकडे मिळाले तरी त्यांचा क्रम हवा. तिथे बॅटमॅनची आठवण ठेवली आहे. 1939 पासूनचा हा हिरो, अंगात कुठलीच अद्भुत शक्ती नाही, सगळं काम डोक्याने. खायचा सोडा थोड्या पाण्यात दाट कालवून कापसाच्या काडीने कागदावर लिहिलं, ‘ठाण्याला पहिली गाडी आली ते साल’. वाळल्यावर काहीच दिसत नाही. वरून हळद कालवलेलं सॅनिटायझर कापसाने फिरवलं की कागद पिवळा होतो आणि अक्षरं तांबूस उमटतात. हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं त्यामागेही हेच कारण, अल्कलीत हळद लाल होते. नुसत्या पाण्यात हळद नीट विरघळत नाही, रंग फिका येतो. सॅनिटायझर मोठ्यांच्या हातात राहील, पोरं फक्त वाचणार. साल कुणाला आठवलं नाही तर आजोबांना विचारायचं, त्यांना सांगून ठेवलंय.

केप शिवून झाल्या. अस्तराचं कापड, छत्तीस इंची पन्हा, म्हणजे साठ सेंटिमीटर लांबीत शेजारी शेजारी दोन केप निघतात. कडा पिको-फॉलवाल्या ताईंकडून पिको करून आणल्या, रंगीत दोऱ्याने, फार सुरेख दिसतायत. गळ्याला नाडी अजिबात नाही, फक्त इंचभर वेलक्रो. मागून कुणी केप ओढली किंवा ती कशात अडकली तर चटकन सुटते, प्रत्येक केप ओढून तपासली. हीच रिटर्न गिफ्ट, वेगळं काही नाही. मास्क मात्र फोटोपुरते. मास्क लावून पळताना बाजूचं दिसत नाही आणि पोरं एकमेकांवर आदळतात. फुगे फक्त उंचावर, कारण फुटलेल्या फुग्याचे तुकडे लहानग्यांच्या घशात अडकू शकतात.

क्रमही पक्का झालाय. पोरं येतील तशी केपवर आपलं चिन्ह चिकटवतील, मग उजेड आहे तोवर बाहेर विषामृत, आत येऊन जाळं, बर्फ, ढाल, हळदीचा कागद, कुलूप आणि शेवटी केक.

उरलंय ते एवढंच: जाळ्याचे घुंगरू थोडे जास्त जड आहेत, लोकर खाली ओढतायत, त्यामुळे बारीक घुंगरू शोधायला जांभळी नाक्याला जायचंय. आणि नऊ वर्षांच्यांना बर्फाच्या वेळी काहीतरी अवघड काम द्यायचंय, कुणाला सुचत असेल तर शनिवारपर्यंत नक्की सांगा.