विषयशीर्षकाची साखळी सोडवताना

सोलापुरातल्या एखाद्या ग्रंथालयाच्या कोहा या सूची-सॉफ्टवेअरमध्ये विषयासाठीच्या 650 या क्षेत्रात साधारण असं शीर्षक सापडतं: 'यंत्रमाग उद्योग -- सोलापूर -- इतिहास'. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. पण लिंक्ड डेटा (वेबवर एकमेकांशी जोडता येईल अशी माहिती) करताना या अख्ख्या ओळीला एकच यूआरआय (वेबवरचा ओळखपत्ता) दिला, की 'यंत्रमाग कामगार -- सोलापूर' ही तिच्याशी काडीचाही संबंध नसलेली दुसरी वस्तू होते. मग सोलापूरविषयीचं सगळं एकत्र मागायची सोयच राहत नाही.

खरं तर मार्कमध्ये, म्हणजे ग्रंथालयातल्या नोंदींच्या साच्यात, तुकडे आधीच पाडलेले असतात: ए म्हणजे मुख्य विषय, झेड स्थळ, वाय काळ, व्ही स्वरूप, एक्स बाकीचे उपविभाग. त्यावरून प्रत्येक तुकड्याची स्कॉस या विषयसूचींसाठीच्या लिंक्ड डेटा मानकात स्वतंत्र संकल्पना करा. मूळ साखळी मात्र टाकून देऊ नका. 'तत्त्वज्ञान -- इतिहास' आणि 'इतिहास -- तत्त्वज्ञान' हे वेगळे विषय आहेत. क्रम गेला की अर्थ गेला. स्कॉसमध्ये अशा जोडशीर्षकासाठी तयार सोय नाही. मॅड्स-आरडीएफ या ग्रंथालयांसाठीच्या दुसऱ्या मानकात 'कॉम्प्लेक्स सब्जेक्ट' हा वर्ग आहे, तो घटकांची यादी क्रमाने ठेवतो.

स्थळात हमखास घोळ होतो. सोलापूर शहर आणि सोलापूर जिल्हा या दोन संकल्पना करा. 'पंढरपूर'च्या वर जिल्हा येईल, शहर नाही. 'शोलापूर' हे जुनं लेखन शहराखाली पर्यायी लेबल म्हणून. आणि 'सोलापुरी चादर'ची व्यापक संकल्पना 'चादर', 'सोलापूर' नव्हे. तिथे स्थळाशी नुसता 'संबंधित' दुवा पुरे. इंग्रजी सूचीशी जुळवताना 'बेडशीट'वर एक्झॅक्ट मॅच ('तंतोतंत तेच' असा दुवा) मारायचा मोह आवरा. ही चादर पांघरायची. 'कव्हरलेट्स'ला ब्रॉड मॅच ('व्यापक विषय' असा दुवा) द्या. एक्झॅक्ट मॅच पुढे पुढे झिरपतो, त्यामुळे एक चुकीचा दुवा तिसऱ्याच सूचीपर्यंत पोचतो.

काळाचे उपविभागही तपासा. 'सोलापूर -- इतिहास -- 1930' यातून मार्शल लॉ शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. 'सोलापूर मार्शल लॉ, 1930' अशी घटनेची संकल्पना करून 'लष्करी कायदा' पर्यायी लेबलात टाका.

आता सगळ्यात चिवट भाग, टायपिंग. 'शेतकऱ्यांच्या आत्महत्या' यातला अर्धा र दोन प्रकारे येतो: काही कीबोर्ड युनिकोडमधला 0931 हा स्वतंत्र वर्ण आणि हलन्त देतात, काही 0930, हलन्त आणि त्यामागे अदृश्य जोडक 200डी. पडद्यावर दोन्ही सारखेच. एनएफसी सामान्यीकरण (समतुल्य वर्णांचं लेखन एकसारखं करणारी युनिकोडची पद्धत) त्यांना एक करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ते समतुल्य नाहीत. परिणामी एकाच विषयाच्या दोन संकल्पना तयार होतात आणि निम्मी पुस्तकं एकीकडे, निम्मी दुसरीकडे जातात. ओपनरिफाइन या डेटा साफ करायच्या साधनात सारख्या शीर्षकांचे गट पाडण्याआधीच दुसरा प्रकार पहिल्यात बदलून घ्या. सरसकट 200डी पुसू मात्र नका, 'ऱ्या'चा 'र्या' होतो.

यूआरआयमध्ये शीर्षकाचे शब्द नकोत, साधा क्रमांक ठेवा. शीर्षक बदललं तर फक्त लेबल बदलतं. रद्द झालेली संकल्पना पुसायची नाही; तिला डेप्रिकेटेड (वापरातून काढलेली) अशी खूण करून नव्या क्रमांकाकडे बोट दाखवायचं, नाहीतर बाहेरून जोडलेल्या नोंदी लटकतात.

प्रकाशित करण्याआधी एक फेरी स्कॉसिफाय या स्कॉस तपासणाऱ्या साधनाची. एका भाषेत दोन पसंत लेबलं, किंवा एकाच जोडीत 'व्यापक' आणि 'संबंधित' दोन्ही दुवे, हे त्यात लगेच सापडतं. शहर आणि जिल्हा उलटसुलट झालेत का, हे मात्र त्याला कळत नाही. ते ग्रंथपालालाच बघावं लागतं.