आमची वाटचाल: भुशापासून वाफेपर्यंत

आमचा मूळ धंदा लाकूड कापण्याचा. सॉ मिलमध्ये ओंडका शिरतो, त्यातला साधारण निम्माच फळ्या होऊन बाहेर पडतो. उरतो तो भुसा, साली, ढलप्या. हा ढीग हलवायला पदरचे पैसे जायचे, म्हणून ब्रिकेटचं, म्हणजे भुसा दाबून जळणाच्या कांड्या करणारं यंत्र घेतलं. फुकटचा कच्चा माल म्हटल्यावर कागदावरचं गणित देखणंच दिसतं.

पण या धंद्यात खरा हिशेब पाण्याचा. ताज्या लाकडाच्या भुशात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. कोरडं लाकूड किलोमागे साधारण 4,500 किलोकॅलरी देतं, तेच 50 टक्के ओलाव्याला 2,000 च्या आसपास येतं. ब्रिकेटला भुसा 10-12 टक्क्यांपर्यंत वाळवावाच लागतो. जास्त ओला गेला की डायमध्ये, म्हणजे यंत्राच्या साच्यात, वाफ कोंडते आणि कांडी तडतडत फुटूनच बाहेर येते. 100 किलो ओला भुसा वाळवला की हाती 55-56 किलो राहतो. बाकीचं पाणी आपणच वाहून आणायचं आणि वर जळण घालून उडवायचं!

त्यामुळे आमच्याकडे वजनकाट्याशेजारी ओलावामापक असतो आणि दर कोरड्या वजनावर ठरतो. भुसा देणारे आधी कुरकुरले, मग त्यांनीच ढिगांवर ताडपत्री टाकली. सालीत माती-वाळू फार, ती रॅम (भुसा दाबणारा दट्ट्या) आणि डाय खाते. म्हणून साल ब्रिकेटमध्ये न घालता ड्रायरच्या भट्टीत जाते. लांबून माल आणत नाही. सुटा भुसा घनमीटरला जेमतेम 150-200 किलो, गाडी भरते पण वजन भरत नाही.

'मग वीजच का नाही बनवत?' असं बरेच जण विचारतात. छोट्या वाफेच्या टर्बाइनवर इंधनातल्या उष्णतेपैकी 10 ते 20 टक्केच विजेत उतरते. तेच इंधन चांगल्या बॉयलरमध्ये जाळलं तर 75-80 टक्के उष्णता कामी येते. ज्याला वाफ हवी आहे त्याला वीज कशाला विकायची?

याच विचाराने आम्ही वाफ विकायला लागलो. बॉयलर ग्राहकाच्या आवारात. इंधन, माणसं, राख उचलणं आमच्याकडे. बिल टनावारी वाफेचं. यात लाकडाच्या ओलसर चिप्सही चालतात, त्यामुळे वाळवण्याचा आणि दाबण्याचा खर्च वाचतो. प्लायवूड-एमडीएफचे तुकडे मात्र घेत नाही. त्यातल्या डिंकाचा आणि रंगाचा धूर साध्या बॉयलरच्या आवाक्यातला नाही.

भुशाचा फुकटपणा केव्हाच संपला. पार्टिकल बोर्डवालेही (भुसा डिंकाने दाबून फळ्या करणारे) हाच कोरडा भुसा मागतात आणि त्यांची मागणी वाढली की आमचा नफा आटतो. म्हणून आता वाफेच्या प्रत्येक करारात दर भुशाच्या खरेदीभावाशी बांधलेला असतो. ते कलम ज्याला मान्य नाही, त्याचं काम आम्ही घेत नाही.